रेनांतेचा लिलाव

जीपनीच्या, म्हणजे प्रवासी जीपगाड्यांच्या, बाकांवर रेक्झिन चढवून चढवून डेल्फिनच्या बोटांना घट्टे पडले होते. पण हारो भागातल्या, तासावर संगणक देणाऱ्या दुकानात माऊस धरताना तीच बोटं हळुवार व्हायची. ऑनलाइन बास्केटबॉलच्या खेळात त्याचा संघ होता. आपण घडवलेल्या खेळाडूला तिथे हवं ते नाव देता येई. बोटीबरोबर बुडालेल्या आपल्या मुलाचं, रेनांतेचं नाव त्याने एकाला दिलं होतं. खेळातला तो रेनांते आता वयाने उताराला लागला होता.

न्यूमोनियाने डेल्फिन बरेच दिवस अंथरुणावर होता. संघाचे पगार थकले, तेव्हा खेळानेच रेनांतेला लिलावात काढलं. बरा होताच डेल्फिनने दोन चांगले खेळाडू विकून पैसा उभा केला. पण लिलाव संपणार रविवारी, ऐन मिस्साच्या वेळी. म्हणून त्याने आपोआप बोली लावून ठेवली. कमाल आकडा एकदा सांगायचा. समोरचा चढला की यंत्र आपल्या वतीने एक पायरी वर चढतं, त्या आकड्यापर्यंत. डेल्फिनने सगळी तिजोरी लावली, फक्त बाकीच्या पोरांचा आठवड्याचा पगार मागे ठेवला. तीही कुणाची तरी पोरंच.

मिस्साहून तो आला, तर दुकानदार जोव्हेन बॅचॉयचा, शेवयांच्या सुपाचा, वाडगा पुढ्यात घेऊन डोकं खाजवत होता. बाकीचे खिदळत होते. थोरल्या माणसाला म्हणतात तसं डेल्फिनला सगळे 'नोंग' म्हणत.

"या, नोंग डेल्फिन! तुमच्या यंत्राची मजा करत होतो. मी चढलो की ते पठ्ठं वर! म्हटलं, नोंगची तिजोरी तर खेळात सगळ्यांना दिसते, ती पुरती रिकामी करू आणि एक पायरी आधी थांबू. तर ते मधेच गप्प! म्हातारा खेळाडू माझ्याच गळ्यात पडला. सगळे लावले नव्हतेत?"

"पोरांचे पगार ठेवले होते."

"संगणकातल्या पोरांचे?" दुकान हसून लोटपोट झालं.

"तोतो, पोरा, मला दे त्याला. सगळे पैसे घे."

"नवा खेळाडू लगेच विकता येत नाही, नोंग. तोवर याला मी पोसू?"

"तुझ्या सगळ्या खुर्च्यांना रेक्झिन चढवून देतो. फुकट. तोवर ठेव त्याला."

जोव्हेनने बोटं पुसली आणि बडतर्फीचं बटण दाबलं. "नक्की काढायचं का, विचारतंय! किती सभ्य!" डेल्फिनचा हात पुढे होईपर्यंत त्याने पुन्हा दाबलं. यादीतलं नाव गेलं. बडतर्फ झालेला खेळाडू खेळात कुठेच उरत नाही.

डेल्फिन आपल्या जागी जाऊन बसला.

"रागावलात?" जोव्हेन बॅचॉय भुरकत म्हणाला. "तुमचा पैसा वाचला की! आणि नोंग, ती कोपऱ्यातली खुर्ची फारच फाटलीय. उद्या रेक्झिन आणाल ना?"

"आणतो," डेल्फिन म्हणाला.