एल्मरच्या बॉनेटवरची तिरकी रेघ

एल्मर डोम्बेकला चकाकत नसलेली वस्तू बघवत नसे. टपालपेटी, गवत कापायचं यंत्र, शेजाऱ्याच्या दाराची कडी, जे हाताशी येईल ते तो पॉलिश लावून घासायचा. आणि दैव कसं बघा, या माणसाची ओहायोच्या मोटार कारखान्यातली सगळी वर्षं गेली ती मॅट काळा रंग मारण्यात. बॉनेटच्या मधोमध जो बिनचकाकीचा काळा पट्टा असे, तो सकाळपाळीत एल्मरच मारायचा. "आपला हात म्हणजे फूटपट्टी," हे वाक्य त्यानं लग्नांत, बारशांत आणि निदान दोन मयतांत तरी ऐकवलं होतं.

ते ऐकून खोकणारा माणूसही ठरलेला. ऑर्व्हिल प्रूट, त्याच पाळीचा तपासनीस. गाडी पास झाली की बॉनेटच्या आतल्या बाजूला हिरवी फुली मारायची, हे त्याचं काम. तो एल्मरला गेली पन्नास वर्षं "तिरक्या" म्हणत होता. कुठली गाडी तिरकी, ते मात्र विचारलं तरी सांगत नसे.

निवृत्तीनंतर एल्मरनं आपल्या कारखान्याची एक जुनी गाडी हुडकून आणली. तिच्या पाटीवर बनल्याची तारीख होती तेरा मार्च एकोणीसशे सत्तर. त्याच्या लेकीचा, कॅरलचा जन्मदिवस! मधल्या कुणा दीडशहाण्यानं बॉनेट सगळंच लाल करून टाकलं होतं. चार वर्षं खपून एल्मरनं गाडी मूळ रूपात आणली. उरला फक्त पट्टा.

ऑगस्टच्या जत्रेत जुन्या गाड्यांची स्पर्धा असे. नियम एकच: गाडी कारखान्यातून निघाली तशी हवी. कारखान्याची चूकसुद्धा जशीच्या तशी. परीक्षक कोण, तर ऑर्व्हिल प्रूट.

एल्मर लाल थर हळूहळू घासू लागला. खालून काळा पट्टा दिसायला लागला आणि तो घासायचा थांबला. पट्ट्याची एक कड सरळ येता येता मध्येच चांगली दोन बोटं बाहेर गेली होती.

त्याची बायको लॉरेन कॉफी घेऊन आली. "अगंबाई, हे काय?"

"नंतर कुणीतरी मारलाय हा."

"बॉनेट उचल बघू."

आतल्या बाजूला हिरवी फुली होती. बॉनेट आणि पट्टा, दोन्ही कारखान्यातलेच.

"म्हणजे तू आहेसच तिरका," लॉरेन म्हणाली. "आणि तुझ्यापायी मी त्या बिचाऱ्या ऑर्व्हिलला दर नाताळात केकचा कडेचा वाळका तुकडा देत आले!"

एल्मरनं कुणाचं न ऐकता तो पट्टा खरवडला आणि नवा सरळ मारला. दृष्ट लागावी असा झाला. मग सवयीनं फडकं हातात आलं, फडक्याला पॉलिश लागलं, आणि मॅट काळ्याच्या ऐन मध्यावर टकलासारखा एक चकचकीत गोल उमटला. मॅट रंगाला ठिगळ लागत नाही. सगळं खरवडून पुन्हा मारायचं.

लॉरेननं पॉलिशचे सगळे डबे फ्रीजरमध्ये मटारांखाली पुरले. "बक्षिसाची फीत हवी का नाक?"

"नाक."

"मग कॅरलच्या वाढदिवसाच्या गाडीवर खोटी सरळ रेघ मार आणि बस मिरवत."

हे वर्मी लागलं. एल्मरनं चिकटपट्टी घेतली आणि तिरकी लावू लागला. पण हात मेला सरळच जायचा! तीन वेळा उपटून चौथ्यांदा मनासारखी तिरकी बसली. मग लांबून, हलक्या हातानं, कोरडा कोरडा रंग मारला आणि दोन्ही हात खिशात कोंबून तो दोन दिवस घरभर फिरला.

जत्रेत ऑर्व्हिल आला, वाकला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला, "तिरकी!"

"तिरकीच," एल्मर म्हणाला. शरमेनं त्याचे कान तापले होते. "मीच मारलेली." आणि त्यानं बॉनेट उचललं. "ही फुली मात्र तुझी."

लोक हसले. ऑर्व्हिल हसला नाही. त्यानं पाटीवरची तारीख वाचली आणि चष्मा काढून उगाच पुसला.

"इस्पितळाचा फोन मीच घेतला होता," तो हळूच म्हणाला. "धावत आलो आणि 'बाप झालास लेका' म्हणून तुझ्या पाठीत थाप घातली. तुझ्या हातात स्प्रे गन चालू होती. तू ती टाकून पळालास. मी गाडी पास करून टाकली."

"म्हणजे थाप तुझी, आणि पन्नास वर्षं तिरक्या मी?"

"तू नेमकी तीच गाडी हुडकून आणशील, हे मला काय माहीत!"

एल्मरला रागवायचं होतं, पण डोळेच भरून आले. ऑर्व्हिलनं कागदावर पूर्ण गुण मांडले.

इतक्यात कॅरल तळलेला पाव खात आली. "ही माझी का?" म्हणत तिनं त्या तिरक्या कडेवरून बोट फिरवलं. मॅट काळ्यावर तुपकट बोट लख्ख उमटलं.

लॉरेननं श्वास रोखला. एल्मरचा हात फडक्याकडे गेला आणि तिथंच थांबला.

"डाग," ऑर्व्हिल म्हणाला. "अर्धा गुण कापावा लागेल."

"काप," एल्मर म्हणाला. "ते बोटही तेरा मार्चचंच आहे."