जीप दिसली की

सिक्युरिटीच्या धंद्यात काम थोडं अन् उभं राहणं लई. म्हणून किस्से साचतात. ड्युटी बदलताना दोन गार्ड भेटले की एक किस्सा देतात, एक घेऊन जातात!

आमची संस्था सुमनताईंची. ताई पारध्याच्या, गार्डही बहुतेक पारध्याचेच. सहकारी संस्थेची नोंदणी करायला गेलतो तर साहेब हसले, "पारधी राखण करणार?"

ताई म्हणाल्या, "ज्याच्यावर रोज आळ येतो ना साहेब, तो दुसऱ्याच्या वस्तूला लई जपतो!"

साहेबांनी गुमान सही केली.

पहिलं काम माजलगावकडच्या एका कारखान्याच्या गेटवर. दुसऱ्याच दिवशी पोलिसांची जीप आली अन् आम्ही समदे गेट सोडून उसात! काही केलं नव्हतं हो, पण लहानपणापासून पायांना तीच सवय. हवालदार ओरडला, "गार्ड कुठंय बे?"

मी उसातूनच म्हटलं, "ड्युटीवरच हाय, साहेब!"

मग ताईंनी ट्रेनिंग काढलं. एक भंगार जीप भाड्यानं आणून ऑफिसच्या आवारात रोज आमच्या अंगावर घालायच्या. "हलायचं न्हाई!" जो हलला नाही तो सुपरवायझर. मी झालो. डोळे गच्च मिटून उभा होतो, ते कुणाला दिसलं नाही.

त्या ट्रेनिंगला ताईंचे वडील, दगडूअण्णा, बघायला आलते. जीप आत शिरली, पोरं जागेवर उभी, अन् अण्णा चपला काढून मागच्या दारानं पसार! पळायच्या आधी ते चपला काढायचेच. हातात चहाची बशी होती, थेंब सांडला नाही.

आम्ही लई हसलो. ताई हसल्या नाहीत.

अण्णांचं गाव वडवणीजवळ. गावात कुठंही चोरी झाली की अण्णांना धरायचे. "नाव? बापाचं नाव? कुठून आला? कुठं चालला?" जन्म त्याच गावातला, तरी दरवेळी हेच. शेवटी गाव सोडलं, पण जीव तिथंच अडकलेला. रोज संध्याकाळी ऑफिसात येऊन विचारायचे, "सुमे, गावाकडनं बोलावणं आलं का गं?"

"न्हाई, अण्णा."

"येईल," म्हणायचे अन् चपला घालून निघायचे. आमचा जीव तुटायचा.

मग दुष्काळ पडला. टँकरचं पाणी अण्णांच्या गावच्या विहिरीत ओतायचे अन् सकाळपर्यंत निम्मं गायब. सरपंचांचा फोन आला, "ताई, एक भरवशाचा माणूस द्या."

फोन ठेवून ताई ढसाढसा रडल्या. मग डोळे पुसले अन् अण्णांच्या मापाचा युनिफॉर्म शिवायला टाकला.

पहिल्या दिवशी अण्णांना सोडायला मीच गेलतो. विहिरीवर घागरींची रांग, काठावर अण्णा, गळ्यात शिट्टी. तेवढ्यात रस्त्यावर धुरळा उठला. टँकरच्या पुढं पोलिसांची जीप!

सारं गाव अण्णांकडं बघायला लागलं. मी त्यांच्या पायांकडं.

अण्णांनी चपला काढल्या. मी म्हटलं, गेले!

अनवाणीच ते रस्त्याच्या मधोमध गेले. शिट्टी फुंकली, हात आडवा केला. जीप थांबली. अण्णा खिडकीशी वाकले.

"नाव? बापाचं नाव? कुठून आला? कुठं चालला?"