ते भाषण मी लिहून दिलं होतं

"माझ्या घरात असली पोरगी निघाली, तर हिरीत ढकलून मोकळा होईन."

पुढच्या रांगेतले आमच्या कॉलेजचे सचिव शेजारच्या सरांना म्हणाले. हसत. सर म्हणाले, "आपल्याकडं कुठं निघत्यात, अण्णा."

मी त्यांच्या मागच्याच खुर्चीवर होते. मला मुली आवडतात. आठवीपासून मला ते माहीत आहे.

स्टेजवर सचिवांचा पुतण्या बोलत होता. लातूरची वादविवाद स्पर्धा. विषय : लैंगिक कल हा आंतरराष्ट्रीय मानवी हक्क आहे का? तो प्रतिकूल बाजूने. "परदेशी कागदावर वाढलेलं हे रोप लातूरच्या मातीत रुजत नाही," तो म्हणाला. टाळ्या. शिट्ट्या.

ते वाक्य माझं होतं. सगळं भाषण माझं होतं.

पंधरा दिवसांपूर्वी मी सरांना विचारलं होतं, "अनुकूल बाजू मी मांडू?" सर हसले. "कशाला? स्थळं यायची बंद होतील. तू इंग्लिश मीडियमची. कागदं वाच अन् अण्णांच्या पुतण्याला लिहून दे. उभं राहून बोलणं तुझं काम न्हाई."

नाही म्हणता आलं असतं. म्हणाले नाही. जगभरातले जाहीरनामे वाचले. त्यांत 'प्रत्येक माणूस' असं होतं. मी त्यातून लातूर वगळलं. कुठलं वाक्य किती खोल लागतं, हे मला बरोबर ठाऊक होतं. म्हणून भाषण चांगलं झालं.

पहिलं बक्षीस. सचिवांनी स्वतः पुतण्याला शाल घातली. मला रडू आलं नाही. राग आला. आधी त्यांचा, मग माझा. ढकलायची भाषा त्यांची होती. विहिरीच्या काठापर्यंत मी माझ्या पायांनी गेले होते.

"कुणाला मनोगत सांगायचंय का?" सरांनी स्टेजवर जाऊन माइकवरून विचारलं. कुणी उठणार नाही, हे धरूनच. मी उठले, स्टेजवर गेले. सर माइक हाताने झाकून म्हणाले, "बस खाली. तुला जमत न्हाई."

मी माइक घेतला.

"हे भाषण मी लिहिलंय. माझ्याच विरुद्ध. यापुढे कुणालाही लिहून देणार नाही. असल्या मुली आपल्याकडं नसतात, असं त्यात म्हटलंय. मी तसली आहे. गाव चाकूर, जिल्हा लातूर. अण्णा, ढकलून दाखवा."