पाटावरची नववी

"हिचे पाय कितीही धुवा, रंग काही निघत नाही!"

ताई असं म्हणाल्या आणि हॉलमधल्या सगळ्या बायका हसल्या. नवरात्रातली अष्टमी होती. पाटांवर नऊ कुमारिका बसलेल्या. ताई एकेकीचे पाय परातीत धूत होत्या, कुंकू लावत होत्या, पाया पडत होत्या. नववी माझी ओवी. सहा वर्षांची. तिनं पाय ओढून परकराखाली घेतले.

मी स्वयंपाकघराच्या दारात झारा घेऊन उभी होते. लालबागच्या त्या टॉवरमध्ये, अठराव्या मजल्यावर, मी ताईंचा स्वयंपाक करायचे. मीही हसले.

हो, हसले. सांगायची लाज वाटते, पण खरं तेच आहे.

ओवी त्यांना मुळात नकोच होती. एक मुलगी तापानं आजारी पडली, नऊ भरेनात, म्हणून सकाळी फोन आला. "तुझ्या मुलीला घेऊन ये गं. आणि जरा पावडर लाव तिला, फोटो काढायचेत." मी लावली. मानेपर्यंत थापली.

पहिल्या पाटावर ताईंची नात इरा होती. ओवीच्याच वयाची. तिच्या गोऱ्या टाचा बघून माझा जळफळाट झाला. ताईंच्या फ्लॅटवर मी कधी जळले नाही, गाडीवर नाही. जळले ती सहा वर्षांच्या पोरीच्या टाचांवर. हे जळणं जुनंच. ओवी पोटात असताना सासूबाईंनी मला रोज केशराचं दूध पाजलं. पोर झाली तशी म्हणाल्या, "चेडू काळांच रवलां गो." म्हणजे, पोरगी काळीच राहिली. जावेला केशराशिवाय गोरीपान मुलगी झाली. तिच्या बाळाला मी कधी मनापासून उचललं नाही. आणि माझ्या पोरीला दर रविवारी डाळीचं पीठ नि साय लावून ती रडेपर्यंत चोळत राहिले.

मुली जेवल्या. प्रत्येकीला बांगड्या-पिनांचा गुलाबी डबा मिळाला. आम्ही निघालो. लिफ्टपाशी ओवीनं विचारलं, "आई, तू का हसलीस?"

त्या बायका का हसल्या, हे तिनं विचारलंच नाही.

लिफ्ट आली आणि गेली. मी तिचा हात धरून परत फिरले आणि बेल दाबली. दार ताईंनीच उघडलं. मागे बायका होत्याच.

"ताई, देवी म्हणून पाटावर बसवलंत आणि तिच्या रंगावर हसलात. मी पण हसले, माझं चुकलं. तुमचं चुकलं ते तुम्ही तिला सांगा."

"अगं, गंमत केली मी. एवढं काय मनाला लावून घेतेस?"

"गंमत असती तर ती पण हसली असती."

ताईंचा चेहरा उतरला, मग कडक झाला. "सणासुदीला तमाशा नकोय मला. उद्यापासून येऊ नकोस."

चुकलं, असं त्या शेवटपर्यंत म्हणाल्या नाहीत. ओवीनं डबा छातीशी घट्ट धरला होता. परत दे, असं मी म्हटलं नाही. पाटावर बसल्याबद्दलचा होता तो, तिच्या हक्काचा. खाली येताना मी तिला म्हटलं, "मी घाबरून हसले. ते वाईट केलं." तिनं नुसती मान हलवली. मला माफ केलं की नाही, कळलं नाही.

आता मी भायखळ्याला काम धरलंय. इथल्या बाईंची मुलगीही गोरी आहे, आणि अजून मी जळते. हेवा काय असा एका दिवसात मरतो? पण तो माझा आहे, मी बघून घेईन. रविवारचं चोळणं अष्टमीच्याच आठवड्यात बंद केलं. सासूबाई दोन दिवस कुरकुरल्या. कुरकुरू देत.

ओवी अजूनही चारचौघांत पाय दडवते. यापुढे तिला कोणी बोललं, मग ते घरचं असो, शाळेतलं असो, नाहीतर मला पगार देणारं असो, मी तिथल्या तिथे बोलणार. तिच्या देखत. सगळ्यांना ऐकू जाईल असं.