खळ्यावर वळणारी एस.टी.

आमच्या घरात पहिली पदवी माझी. बायकांत पहिली असं नव्हे, बाप्ये धरूनसुद्धा पहिली. हे मी आधीच सांगून टाकते, कारण ते सांगताना मला अजूनही बरं वाटतं. पण त्या पदवीत एका एस.टी.चाही वाटा आहे, आणि त्या एस.टी.वरून आमच्या गावात जो कल्ला झाला त्याचाही.

आमचं गाव सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवर, कराडच्या अंगाला. एस.टी. गावात दिवेलागणीला यायची, मारुतीच्या देवळापुढं रात्रभर मुक्काम करायची आणि पहाटे तांबडं फुटायच्या आत मलकापूरवरून कराडला निघायची. आम्ही मात्र गावठाणात राहत नव्हतो. ओढ्यापलीकडं मळ्यात आमच्या भावकीची वस्ती. गाव ते वस्ती एक गाडीवाट होती. दुष्काळी कामावर तिच्यावर मुरूम पडला, ओढ्यावर फरशीचा ठेंगणा पूल झाला, पण दोन्ही बाजूंना ऊस तसाच अंगावर येणारा. पहाटेची गाडी धरायची तर त्या उसातून अंधारात, शेवाळलेल्या फरशीवरून पाय जपत जावं लागायचं.

दुष्काळ सरल्यानंतरच्या साली मी मॅट्रिक झाले. वस्तीवरून मॅट्रिक झालेली पहिली पोरगी. आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतून हवालदार होऊन परत आलेले. त्यांनी सगळ्या वस्तीला गूळ-खोबरं वाटलं. मी कॉलेजचं नाव काढलं तशी मात्र मान ताठ केली.

"गाडी वस्तीवर आली तर कॉलेज, न्हाईतर न्हाई. अंधारात उसातनं पोरगी एकटी जायाची न्हाई. फैसला झाला."

आई म्हणाली, "आवं, पन गाडी कशी यील वस्तीवर?"

"त्येच म्हंतोय मी," आबा म्हणाले आणि बैल सोडायला गेले.

म्हणजे नकारच होता तो, फौजी पद्धतीचा. पण मी तो अर्धाच ऐकला. गाडी आली तर कॉलेज, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं. वस्तीवर गाडी यावी हे आमच्या भावकीचं जुनंच मागणं होतं. आता वाट गाडीजोगी झाली होती, म्हणून थोरल्या चुलत्यांनी सरपंचांच्या मागं लागून त्या उन्हाळ्यात देवळात बैठक बोलावली.

मी आईबरोबर बायकांच्या घोळक्यात बसले होते. गावाच्या वतीनं बोलायला उठले स्टँडवरचे हॉटेलवाले. आमच्याकडं चहाच्या टपरीलाही हॉटेलच म्हणायचे. चार लाकडी बाकं, एक स्टोव्ह, आणि पहाटेच्या गाडीचं सगळं गिऱ्हाईक त्यांचं. बोलायला माणूस लय तिखट.

"मुक्कामाची गाडी हाय म्हून पंचक्रोशीत गावाला किंमत हाय," ते म्हणाले. "शेजारच्या गावांस्नी दुपारची गाडीसुदिक न्हाई. आन आमी मुक्काम उचलून उसात न्यायचा व्हय?"

थोरले चुलते म्हणाले, "मुक्काम तुमच्यातच ऱ्हाऊ दे की. सकाळची गाडी आदी वस्तीवर यिऊन परत गावात ईल. बिघडलं कुठं?"

"बिघडलं बाकावर! तुमी वस्तीवाले आदी चढणार. प्रत्येक बाकावर टावेल टाकून बसणार. मग गावानं काय टपावर बसायचं, दुधाच्या किटल्यांसंगं?"

देवळात हसू उसळलं. कारण खरंच होतं ते. खिडकीतून टॉवेल टाकला की जागा आपली, हा कायदा आमच्याकडं सरकारी कायद्यापेक्षा पक्का. एकानं टॉवेल टाकलेल्या जागी दुसरा बसला म्हणून सोयरिकी तुटायची पाळी आलेली मी पाहिली आहे.

"गाडी भरंल येवढी माणसं हायत का आमच्या वस्तीवर?" चुलत्यांनी विचारलं.

"माणसं नसत्याल. मेथीच्या पाट्या हायत, कोंबड्या हायत. आन आता कालिजात जानारी पोरगी बी हाय म्हनं." हॉटेलवाले आमच्या घोळक्याकडं बघून हसले. "येका पोरीपायी गावाची गाडी हलवायची म्हंजी लय झालं गड्या."

माझे कान तापले. आईनं माझा हात दाबून धरला. आणि इतका वेळ खांबाला टेकून गप्प बसलेले आबा उठले.

"येका पोरीसाठी न्हाई मागत गाडी," ते म्हणाले. "पन समजा, मागितली. तर काय गुन्हा झाला? तुमच्या गावात मॅट्रिक पास हाय का येखादी? दावा मला."

ज्या अटीनं आबांनी मला अडवलं होतं, तीच अट पुरी व्हावी म्हणून आता ते भर देवळात स्वतः भांडत होते. बहुतेक ते त्यांच्याही ध्यानात आलं, कारण खाली बसताना त्यांनी माझ्याकडं बघायचं टाळलं.

शेवटी सरपंचांनी आगारात जायचं कबूल केलं. तिथून निरोप आला: वाट बघितली, चालेल, पण वस्तीवर गाडी वळवायला जागा दाखवा. साहेब संध्याकाळच्या गाडीतून स्वतः येतील. गाडी वळली तर विचार करू.

एवढी मोठी सपाट, टणक जागा वस्तीवर एकच होती. थोरल्या आज्जाचं खळं. आबांचे चुलते ते, भावकीत सगळ्यांत वडील. खळं म्हणजे ज्वारी मळायची जागा, चोपून, शेणानं सारवून परातीसारखी केलेली. उन्हाळ्यात ते रिकामंच असायचं, तरी त्यात कुणी चपला घालून पाऊल टाकत नसे. पाहुणासुद्धा कडेला पायताण काढून यायचा.

"मानूस पायताण काढतंय माज्या खळ्यात," आज्जा म्हणाले. "गाडीला काय काढाय लावनार तुमी?"

चुलते समजावून थकले. आबा गेलेच नाहीत. मग मीच गेले. आज्जा बाजेवर बसून दोर वळत होते.

"कालिजात काय शिकवत्यात गं?"

"मला कुठं ठावं आज्जा? अजून गेलेच न्हाई. शिकले की सांगते."

ते खदखदून हसले. हातातल्या दोराला गाठ मारली. मग म्हणाले, "चाकं धुवून आना गाडीची. आन मग या."

इथंच आमच्या लोकांची चूक झाली, आणि ती आमच्याच लोकांना सुचावी. गाडी खळ्यात येणार म्हटल्यावर बायकांना ते वाळकं, भेगाळलेलं खळं बरं दिसेना. दारात पाहुणा यायचा तर अंगण सारवायला नको? साहेब यायच्या दिवशी दुपारी आई, चुलत्या, झाडून सगळ्या बायका बसल्या आणि खळं काठोकाठ सारवून काढलं. मीही चार हात मारले. बाप्यांनी गाडीला आत शिरता यावं म्हणून खळ्याची कड फोडली, तिथं ताजी माती भरली, आणि माती बसावी म्हणून तिच्यावर पाणी मारलं. कडेला रांगोळीही निघाली.

दिवेलागणीला गाडी आली. साहेब, सरपंच, आणि गंमत बघायला हॉटेलवाल्यांसकट निम्मं गाव गाडीत. आईनं चाकांवर कळशीनं पाणी ओतलं, कुंकू लावलं. ड्रायव्हर मान बाहेर काढून बघतच राहिला.

"काकू, गाडी वळवायचीया का वरात काडायचीया?"

मग पुढं बघून त्याचा पाय ब्रेकवर थबकला. "वलं दिसतंय हो."

"वलं न्हाई, ताजं हाय," चुलते म्हणाले. "या बिनघोर."

सगळे उतरून कडेला थांबले. गाडी खळ्यात शिरली, अर्धी वळली, आणि ओल्या सारवणावरून मागचा भाग कुल्ला हलवत सरकला. मागचं चाक ताज्या मातीत पार आसापर्यंत गेलं. ड्रायव्हरनं जोर लावला तसं शेण आणि चिखल साहेबांच्या पॅन्टवर.

"बसली!" हॉटेलवाले ओरडले. "म्हशीगत बसली!"

साहेबांनी रुमालानं पॅन्ट पुसली. रागावले नाहीत, तेच वाईट. "ही जागा चालणार नाही," एवढंच म्हणाले आणि कुणाच्या तरी फटफटीवर मागं बसून निघून गेले. गाडी हलेना. ड्रायव्हर म्हणाला, वाळू दे, सकाळी बैल लावून काढू. गावातले लोक आपापल्या वाटेनं चालत गेले, आणि ज्या मुक्कामावरून एवढं भांडण झालं तो मुक्काम त्या दिवशी आमच्या दारात पडला. ड्रायव्हर-कंडक्टर आमच्याकडंच जेवले. आईनं आग्रह केला, पण तिचं लक्ष माझ्याकडं होतं. मी जेवले नाही. आबा मला म्हणाले, "खाऊन घे," आणि ताट माझ्याकडं सरकवलं.

पहाटे उसात माणसांचा आवाज आला. कराडची गाडी धरायला गाव आमच्या वस्तीकडं चालत येत होतं. पाट्या घेतलेल्या बायका, किटल्या घेतलेले बाप्ये, आणि सगळ्यांत मागं हॉटेलवाले. त्यांनी आपल्या म्हाताऱ्या आईला पाठंगुळी घेतलं होतं. तिला कराडला डॉक्टरकडं न्यायचं होतं. फरशीवर पाय सरकून ते गुडघ्यावर पडले होते, उसाच्या पाल्यानं गालावर ओरखडे उठले होते. म्हातारीला आमच्या ओट्यावर बसवून ते धापा टाकत म्हणाले,

"आरारारा! वाट हाय का सजा ही!"

आई पाण्याचा तांब्या पुढं करत म्हणाली, "रोजचीच हाय दादा आमची."

ते घटाघटा पाणी प्यायले. म्हातारीनं लेकाला झापलं. "कालपत्तुर लय बोलत हुतास की रं देवळात. आता बोल!"

उजाडल्यावर बैलांच्या जोड्या जुंपल्या. गाव आणि वस्ती दोन्ही मागून रेटायला लागली. गाडी निघाली, पण खळ्यात मांडीएवढा चर पडला. थोरले आज्जा काठी टेकत आले. त्यांनी चराभोवती एक फेरी मारली.

"मोडलं न्हवं?" ते म्हणाले. "मग आता ऱ्हाऊ द्या. दगुड भरा, मुरूम टाका, वळवा गाडी. ज्वारी मळाय मी पलीकडं दुसरं खळं करीन."

आबांनी पुढं होऊन त्यांच्या पायाला हात लावला. आबांना कुणाच्या पाया पडताना मी एरवी फक्त सणाला बघितलेलं.

गाडी सुटायच्या आत, तिथंच चराच्या कडेला उभ्याउभ्या ठरलं. मुक्काम गावाचा. सकाळची पहिली फेरी वस्तीची. पुढची बाकं गावासाठी मोकळी सोडायची, वस्तीनं मागं बसायचं, आणि पुढच्या बाकावर वस्तीचा टॉवेल दिसला तर तो ओढ्यात. ही शेवटची अट हॉटेलवाल्यांची. दगड भरायला मात्र गावातून पहिली बैलगाडी त्यांनीच पाठवली. साहेब पुन्हा आले तेव्हा कुणी सारवलं नाही, रांगोळी काढली नाही. गाडी कोरड्या मुरमावर शहाण्यासारखी वळली.

कॉलेज सुरू झालं त्या सकाळी आबा माझ्याबरोबर गाडीपर्यंत आले. मी मागच्या बाकावर बसले. त्यांनी खिडकीतून कंडक्टरला सांगितलं, "कालिजला चाललीया," आणि तो ऐकत नाहीसं वाटून पुन्हा मोठ्यानं सांगितलं. मला लाज वाटली, आणि बरंही वाटलं. गावात गाडी भरली. मागची बाकंही गेली. मेथीची पाटी काखेला घेऊन एक म्हातारी उभी राहिली तशी मी उठले आणि कराडपर्यंत उभीच गेले.

संध्याकाळी गाडी गावापर्यंतच असायची. आबा फरशीवर कंदील घेऊन उभे होते. कॉलेज कसं, काय शिकवलं, काही विचारलं नाही. चालता चालता एवढंच म्हणाले,

"जागा मिळाली न्हवं?"

"मिळाली," मी म्हटलं.

बी.ए. होईपर्यंत त्यांनी मला दुसरं काही विचारलं नाही, आणि मीही दुसरं उत्तर दिलं नाही.