अल्सीदची खुर्ची आणि वन्स मोअर

...तर खुर्ची तिनं दिली, पण अट घालून दिली. "टॉवेल टाका, टोपी ठेवा, मांजर बसलं तरी माझी हरकत नाही. माणूस बसायचा नाही." नाटक बसवायला आलेली सोलेन, पोरसवदा बाई, तिनं गळ्याशी हात नेऊन शब्द दिला, "दोबेझबाई, कुण्णी बसणार नाही." मग मोरिसेत दोबेझनं गॅरेजातल्या खिळ्यावरची ती नारिंगी पट्ट्यांची घडीची खुर्ची उतरवली, ओल्या फडक्यानं पुसली आणि पोरीला सासरी धाडावं तशी दारापर्यंत पोचवायला आली.

हे सगळं कशापायी, ते काल सांगायचं राहूनच गेलं. आमच्या गावच्या थिएटरात दर हिवाळ्यात ऑपेरेटाचा खेळ होतो. गाणी, नाच, वेषांतरं, रुसवेफुगवे आणि शेवटी दिसेल त्याचं लग्न. यंदा सोलेननं ठरवलं, राजवाडा नको. डचेस, गव्हर्नर, अख्खा दरबार सुट्टीला समुद्रकाठी तंबू ठोकून राहिलाय असं दाखवायचं. सामान गावानंच द्यायचं. कुणी शेगडी दिली, कुणी भांडी घासायचा टब दिला, न्हाव्यानं फुगवायचा गुलाबी रोहित पक्षी दिला. कुणी काय दिलं आणि काय अट घातली, हे बेकरीच्या रांगेत दोन दिवसांत सगळ्यांना पाठ.

मोरिसेतला गावात कोण ओळखत नाही? शाळेच्या जेवणघरात तिच्या हातचं सूप प्यायल्याशिवाय इथं कुणी मोठं झालेलं नाही. भोपळ्याचं सूप नको म्हणून तोंड फिरवणाऱ्याला म्हणायची, "नको पिऊस बाळा, नुसता वास घे." वास घेता घेता वाडगा रिकामा.

तिचा नवरा अल्सीद कालव्याच्या दारांवर होता. दारं उघडायची, पाणी भरू द्यायचं, नाव वर चढली की पलीकडं सोडायची. माणूसही तसाच, दारांमागं पाणी भरावं तसा सावकाश. दर ऑगस्टात दोघं निळी कॅराव्हॅन मोटारीला जोडून समुद्राकडं निघायची. आमचा तंबू शेजारीच, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. पहिल्या संध्याकाळी अल्सीद या खुर्चीत बसला की खुर्ची मिटायचीच. मागचा दांडा खाचेत नीट बसत नसे. मोरिसेत ओरडायची, "दुरुस्त कर ना मेल्या!" तो म्हणायचा, "अगं, मग सुट्टी लागली हे कळायचं कसं?" पाठ वाळूत, पाय आभाळाकडं, आणि हातातला बडीशेपेच्या दारूचा ग्लास समईसारखा सरळ उभा. थेंब सांडायचा नाही. आसपासच्या तंबूंतून टाळ्या पडायच्या.

अल्सीद गेला आणि खुर्ची खिळ्याला लागली. मोरिसेत पुन्हा समुद्रावर गेली नाही.

रविवारी दुपारचा खेळ होता. मोरिसेत आणि मी बाल्कनीत पहिल्या रांगेत. बाहेर नदीवर धुकं इतकं, की पूलसुद्धा दिसेना. आत पडदा वर गेला आणि ऑगस्ट उगवला. मंचावर उन्हाचा पिवळा उजेड सांडला. व्हायोलिनं अशी हळू सुरू झाली, की लाटाच पायाशी येऊन मागं सरकतायत.

"फर्नां, खुर्ची कुठाय?" मोरिसेतनं मला विचारलं.

"ती काय, डावीकडं. टॉवेल टाकलाय वर."

"चुरगळलेला टाकलाय. घरी असाच टाकतात वाटतं!"

पण तेवढंच. पुढं तिला बोलायला सवडच मिळाली नाही. सरदार मंडळी दाढीला साबण फासून एका सुरात गात होती. डचेस बाजारातल्या ढकलगाडीत उभी राहून आली, पायात रबरी सपाता, अंगावर आंघोळीचा झगा, मागं रोहित पक्षी धरलेल्या दासी. दरबारी बायका टबात भांडी खळबळवत नवऱ्यांच्या चहाड्या गात होत्या आणि खालची माणसं आसनांवरून घसरत होती. मोरिसेत हसून हसून डोळे पुसत होती. मग उजेड नारिंगी झाला, गाणं संथ झालं, तशी तीही शांत झाली. पाहतो तर तिनं बूट काढून ठेवलेले. अनवाणी बोटं लाकडी फळीवर हलत होती, वाळूत रुतवावी तशी. तिच्याकडं पाहता पाहता मलाही तिथल्या तंबूंवरच्या पाइनच्या झाडांच्या चिकाचा वास आला. मध्येच ती पुटपुटली, "वारा सुटलाय. खुंट्या ठोकून घ्यायला हव्यात." कुणाला म्हणाली कोण जाणे. मी होकार भरला.

दुसऱ्या अंकात गव्हर्नरचं दारूचं गाणं. गव्हर्नर झालेला बास्तियाँ अंगानं चांगला दोन पोत्यांचा, पोहायच्या चड्डीवर पदकं लावलेली, हातात ग्लास. नाचणाऱ्या पोरींनी त्याची खुर्ची नाचता नाचता पार पलीकडं नेलेली. गाणं संपलं, याला धाप लागली, त्यानं हाताशी होती त्या खुर्चीवरचा टॉवेल उडवला आणि बसला.

मोरिसेतनं माझं मनगट घट्ट धरलं.

खुर्चीनं क्षणभर विचार केला आणि मिटली. बास्तियाँ उताणा, पाय आभाळाकडं, आणि ग्लास धरलेला हात तसाच वर, सरळ.

थिएटर फुटलं! "वन्स मोअर! वन्स मोअर!" आमच्या गावात वन्स मोअर आला की द्यावाच लागतो, मग ते गाणं असो की शिंक. माणसं पाय आपटत होती. तेवढ्यात खाली बसलेल्या बेकरीवालीला आठवण झाली. तिनं मान वळवून वर आमच्याकडं पाहिलं. मग तिच्या शेजारणीनं. एकेक करून सगळी तोंडं बाल्कनीकडं वळली आणि आरडाओरडा विरत विरत गेला. वादकांच्या म्होरक्याची काठी हवेत थांबलेली. बास्तियाँ तसाच पडून, आपण कुठल्या खुर्चीत बसलो ते त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. दुसऱ्यांदा पडला तर खुर्चीचे तुकडेच व्हायचे, हे मात्र आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

दाराशी उभी असलेली सोलेन पुढं आली. चेहरा पिठासारखा झालेला. बाल्कनीखाली उभी राहून म्हणाली, "दोबेझबाई, शब्द दिला होता मी. चुकलं माझं. आत नेऊ का खुर्ची?"

मोरिसेत उठली. अनवाणीच. दोन्ही हात कठड्यावर टेकून ती त्या वर धरलेल्या हाताकडं पाहत राहिली. नारिंगी उजेड तिच्या तोंडावर आला होता. बराच वेळ ती इथं नव्हतीच. मग जेवणघरातला तो खणखणीत आवाज निघाला:

"आत कशाला नेतेस गं? पडायची सवय आहे तिला, मोडली तर मोडली. पण त्या बाळाला म्हणावं, तुझा ग्लास रिकामा आहे, रिकाम्यातून सांडलं नाही याचं कसलं कौतुक! माझा अल्सीद भरलेला धरायचा. काठोकाठ भरून द्या त्याला, आणि होऊ दे, वन्स मोअर!"