मेहरुनने परत आणलेली सव्वीस तारीख

मेहरुनला मत विचारावं लागत नसे. तुम्ही तोंड उघडायच्या आत ते तुमच्या पदरात पडलेलं असायचं. सानपाड्यात स्टेशनच्या मागच्या अंगाला, पिठाच्या गिरणीला लागून तिचा गाळा होता. पाटी होती ‘मेहरुन कॉम्प्युटर्स’, पण वाशीतले काचेच्या शोरूमवाले तिला ‘गिरणीवाली’ म्हणायचे. म्हणोत बापडे! त्यांच्याकडून बिघडून आलेली मशीनं शेवटी याच गिरणीवालीच्या टेबलावर यायची.

बाप रज्जाकभाई तिकडे रायगडात, म्हसळ्याच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करायचा. पोरगी त्याच्या मांडीशी बसून तारांना कथलाचा डाग द्यायला शिकली. लग्न होऊन सानपाड्याला आली, नवरा तबरेज जहाजावर, वर्षातले नऊ महिने समुद्रात. हिने आधी शेजारपाजारचे टीव्ही गेम दुरुस्त करायला घेतले. गेमची कॅसेट चालली नाही की घराघरांत लोक तिच्यात फुंकर मारत, आणि मेहरुनचं टाळकं सरके. ‘अहो, थुंकी जाते आत! गंज लागतो पिनांना. स्पिरिटचा बोळा फिरवा, फुंकताय काय चुलीसारखं?’

पुढे कॉम्प्युटर आले आणि तिच्या मतांना मोकळं रानच मिळालं. ‘प्रोसेसर कितीचा, हे सगळे छाती फुगवून सांगतात. पावर सप्लाय कुठला, ते कोणी विचारत नाय. वीजच धड नसली तर प्रोसेसर काय तुमच्या प्रेमाने चालणार?’ नवं मशीन जोडलं की त्यावर ती तीन तास गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावून ठेवायची. गिऱ्हाईक म्हणायचं, बाई खेळत बसल्यात. ती म्हणायची, ‘पत्र टाईप करून रॅम कळत नाय. गेम लावा. कच्ची रॅम दुसऱ्या फेरीलाच लोळते.’ आणि व्हायरसचा विषय निघाला, तर चहा थंड होईपर्यंत सुटका नाही. ‘अँटिव्हायरस टाकला म्हणजे ताईत बांधला असं नसतं. तो दर महिन्याला नवा टाकायला लागतो. आणि रस्त्यावरची गेमची सीडी माझ्या मशीनला लावाल, तर माझ्या दारात येऊ नका.’

आता हे सगळं लोक ऐकत होते का? ऐकत होते. मानत होते का? छे!

न मानणाऱ्यांत पहिला नंबर कोंडिबाचा. कोंडिबा म्हणजे मार्केटमधल्या हमालांच्या गृहनिर्माण सोसायटीचा सेक्रेटरी, मूळचा पाटणकडचा, माणूस देवासारखा आणि घाबरट. हमालांना घरं मिळण्याची योजना निघाली होती. त्यासाठी प्रत्येकाचं नाव, गाव, घरात माणसं किती, पाठीवर ओझी वाहिली त्याला वर्षं किती, अशी यादी द्यायची होती. माणसं दोनशे चौदा. बहुतेकांना लिहिता येत नव्हतं. म्हणून सोसायटीने मेहरुनकडून कॉम्प्युटर घेतला, आणि कोंडिबा दोन महिने सोसायटीच्या ऑफिसात त्याच्यासमोर ठाण मांडून बसला. गाडी रिकामी झाली की एकेक जण यायचा, घाम पुसत तोंडी सांगायचा, आणि कोंडिबा दोन बोटांनी टाईप करायचा. कागद असा नव्हताच. जे होतं ते मशीनमध्ये होतं.

दिघ्याहून राहीबाईही आल्या होत्या. त्यांचा नवरा ज्ञानू शेडगे बावीस वर्षं हमाली करून दोन वर्षांपूर्वी वारला. त्याची वर्षं कोणी सांगायची? त्याच्या टोळीचे म्हातारे मुकादम मुद्दाम येऊन कोंडिबाशेजारी बसले आणि एकेक वर्ष बोटांवर मोजून त्यांनी ते लिहून घ्यायला लावलं. फेब्रुवारीत मुकादमही गेले. राहीबाईंचं घर आता त्या एका ओळीवर उभं होतं.

एप्रिल नव्व्याण्णव उजाडला आणि मेहरुनने गिऱ्हाइकांना फोनवर फोन लावले. सव्वीस तारखेला उठणारा एक व्हायरस फिरतोय. त्या दिवशी मशीन चालू केलं, की डिस्क पुसतो आणि बोर्डावरची चिपही मारतो. ‘कोंडिबादादा, मशीन आणा, तपासून देते.’ कोंडिबा म्हणाला, आणतो. आणलं मात्र नाही. कारण कमिटीतल्या कोणीतरी रस्त्यावरची क्रिकेटच्या गेमची सीडी त्या मशीनला लावली होती, आणि जेवणाच्या सुट्टीत सोसायटीच्या ऑफिसात रोज सामना रंगत होता. बाई ओरडतील ही भीती! त्यापेक्षा सव्वीसला मशीन लावायचंच नाही, असं त्याने ठरवलं. सोमवारी सव्वीस तारीख होती, मशीनवर चादर घातली. उगाच धोका नको म्हणून मंगळवारीही ती काढली नाही.

इथवर सगळं ठीक होतं हो! पण यादी द्यायची शेवटची मुदत सव्वीसचीच होती. कोंडिबा घरवाटपाच्या ऑफिसात जाऊन साहेबांच्या पाया पडायचा तेवढा राहिला. साहेब म्हणाले, ‘असं करा, कागदावर तारीख सव्वीसची टाका. शुक्रवारी पाचच्या आत आणा, घेतो मी. खाडाखोड मात्र चालणार नाही.’

मागची तारीख टाकायची! आपल्याकडे ऑफिसात ही काय नवी गोष्ट आहे? पेनाने टाकतात, शिक्क्याने टाकतात. पण यादीचा प्रोग्राम तारीख घड्याळातून घ्यायचा. मग बुधवारी, अठ्ठावीसला, कोंडिबाने काय करावं? चादर काढली, मशीन लावलं, आणि स्वतःच्या हाताने त्या कॉम्प्युटरचं घड्याळ मागे फिरवून सव्वीस एप्रिल करून ठेवलं. दोन दिवस ज्याला चुकवलं, त्याला बोलावून पाट मांडला. प्रोग्राम उघडला, पडदा गोठला. बंद करून चालू केलं तर नुसता काळोख, चालू होतानाची साधी शिट्टीसुद्धा नाही.

गुरुवारी सकाळी कोंडिबा मशीन छातीशी धरून गिरणीशेजारच्या गाळ्यात आला. मागे राहीबाई. आदल्या संध्याकाळी तो वाशीच्या शोरूममध्येही जाऊन आला होता.

‘काय म्हणाले ते?’ मेहरुनने विचारलं.

‘म्हनले फॉरमॅट मारू, पंधरा मिनटात चालू. पर मशीनच उठंना, म्हनून त्यास्नी काय करता आलं न्हाय.’

‘मशीन मेलं म्हणून वाचलात!’ मेहरुन जवळजवळ ओरडलीच. ‘फॉरमॅट मारून डिस्क कोरी केली असती, तर मी काय, माझा बापसुद्धा काय करणार होता? काल केलं तरी काय तुमी?’

कोंडिबाने सगळं सांगितलं, क्रिकेटपासून घड्याळापर्यंत. मेहरुनने कपाळावर हात मारला. मग एकदम तिला आशा वाटली. ‘फ्लॉपीवर कॉपी घ्या म्हणून सांगितलं होतं मी. घेतली?’

‘घेतली तर! लई जपून ठेवलीया.’ कोंडिबाने पिशवीतून फ्लॉपी काढली आणि अभिमानाने पुढे केली. राशनकार्डाबरोबर तीही त्याने लॅमिनेशन करून घेतली होती. गरम रुळांतून निघून ती चकचकीत प्लास्टिकच्या आत पार वाकडी होऊन बसली होती.

मेहरुन हसावं की रडावं अशी बघत राहिली. मग हसलीच, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कोंडिबा मात्र खरंच रडायला लागला. ‘ताई, मानसं समदी गावाला जत्रंला गेल्यात. परत लिवून कुनाचं घेऊ? आन् मुकादम कुठनं आनू मी?’

राहीबाई स्टुलावर बसून त्या मेलेल्या डब्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मेहरुनचं हसू थांबलं. हे मशीन तिनेच विकलं होतं. कागदावर नको, यात लिहा, असं तिनेच बजावलं होतं. राहीबाईंचं घर गेलं, तर ते तिच्यावर भरवसा ठेवल्यामुळे जाणार होतं.

‘उठा,’ ती म्हणाली. ‘रडायला शुक्रवार संध्याकाळ आहे.’

तिने डबा उघडला. बोर्डाची चिप गेली होती, ती नंतर बघू म्हणून बाजूला टाकली. डिस्क सोडवली आणि आपल्या स्वतःच्या मशीनला जोडली. मशीनने डिस्क ओळखली, पण आत काही नाही. कोरी! कोंडिबाने डोळे मिटून घेतले.

पण मेहरुनचं एक मत होतं, आणि त्यावरून सगळा सानपाडा तिची टिंगल करायचा. डिस्क केवढीही असो, तिचे दोन भाग करायचेच. पहिल्यात प्रोग्राम, दुसऱ्यात माणसाचं काम. ‘स्वयंपाकघराला आग लागली, तर कोठीची खोली वाचली पाहिजे,’ ती म्हणायची. हा व्हायरस डिस्कचं फक्त तोंड पुसतो, हे तिला माहीत होतं. तोंडाशी असतो पहिला भाग, आणि दोन्ही भाग कुठे सुरू होतात त्याचा नकाशा. नकाशा गेला होता. कोठी शाबूत असणार होती, फक्त तिचं दार कुठे आहे ते कॉम्प्युटरला कोणीतरी सांगायला हवं होतं.

तिने रिकाम्या डब्याचं पत्र्याचं झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला चिकटपट्टीवर तिच्याच हातचे आकडे होते. प्रत्येक मशीन विकताना ती ते लिहायची. दुसरा भाग सुरू : २६१.

आता हाताने एकेक आकडा भरायचा. एक चुकला, तर उरलंसुरलंही जाणार. गिरणी घरघरत होती, टेबल थरथरत होतं. मेहरुनने गिरणीवाल्याला हाक मारली, ‘भाऊ, अर्धा तास बंद ठेव रे, पाया पडते.’ त्याने ठेवली. शांततेत तिने आकडे भरले, दोनदा तपासले, तिसऱ्यांदा राहीबाईंना जवळ बसवून मोठ्याने वाचले. राहीबाईंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्या प्रत्येक आकड्याला ‘व्हय’ म्हणत होत्या. मग तिने मशीन पुन्हा चालू केलं.

दुसरा भाग पडद्यावर आला. त्यात क्रिकेटचा गेम होता आणि त्याच्या खाली सोसायटीची यादी. दोनशे चौदाच्या दोनशे चौदा!

‘या अल्ला!’ मेहरुनने टेबलावर मूठ आपटली. कोंडिबाने तिचे पाय धरले आणि तिने त्याला दम देऊन उठवलं. ‘आधी तुमच्या क्रिकेटचा निकाल लावते.’ गेममध्ये सतरा फायली व्हायरसने भरलेल्या निघाल्या. तिने तो गेमच उडवला, मग सगळी डिस्क तपासली, पुन्हा तपासली, यादी आपल्या मशीनवर घेतली, प्रोग्राम ताज्या सीडीवरून टाकला.

शुक्रवारी दुपारी छापायची वेळ आली, आणि कोंडिबाचा चेहरा पडला. ‘ताई, तारीख सव्वीसचीच पायजे.’

म्हणजे घड्याळ पुन्हा मागे फिरवायचं. तेही मेहरुनच्या स्वतःच्या मशीनवर, ज्यात तिच्या दुकानाचं सगळं होतं. व्हायरसचा एक कण जरी नजरेतून सुटला असला, तर यादी जाणार, मशीन जाणार आणि गिरणीवालीचं नावही. ‘नगं ताई,’ कोंडिबा काकुळतीला आला. ‘पेनानं लिवू, साहेबाच्या हातापाया पडू.’

‘खाडाखोड चालत नाय म्हणाले ना? मग?’ मेहरुन खुर्ची पुढे ओढून बसली. ‘मी साफ केलंय म्हणजे साफ आहे. उगाच मतं देत फिरते काय मी?’

तोंडाने ती असं म्हणाली खरी, पण घड्याळाला हात लावण्याआधी तिने डिस्क आणखी एकदा तपासून घेतली. वाशीच्या शोरूमचा कोणी तेव्हा तिथे असता, तर त्याने हे धाडस केलं असतं का? नाव काढू नका! तिने सव्वीस एप्रिल टाकलं, बिस्मिल्ला म्हटलं आणि एंटर दाबलं. प्रोग्राम उघडला. कोंडिबा दाराबाहेर जाऊन पाठ करून उभा राहिला होता. काही झालं नाही. तिने छापायची आज्ञा दिली, आणि प्रिंटर कर्कर करत सुरू झाला. सलग कागदाची घडी उलगडत नावं बाहेर येऊ लागली. प्रत्येक पानाच्या डोक्यावर ठसठशीत तारीख, सव्वीस एप्रिल. मेहरुन उठली आणि कोंडिबाच्या पाठीत असा धपाटा घातला, की तो गिरणीपर्यंत गेला. ‘बघा! आलं की नाय सव्वीस तारखेच्या नाकावर टिच्चून!’

साडेचारला तिघंही रिक्षातून ऑफिसात पोचली. साहेबांनी चष्मा लावला, तारीख पाहिली, शिक्का हातात घेतला, आणि म्हणाले, खरी माणसं आहेत ना ही सगळी, मधली दोन-चार वाचून बघतो. कोंडिबाचा जीव टांगणीला लागला. साहेबांनी बोट ठेवलं आणि वाचलं, ‘कैलासवासी ज्ञानू शेडगे, हमाली बावीस वर्षं. वारस, राहीबाई ज्ञानू शेडगे.’

दोन दिवस ज्यांच्या तोंडून ‘व्हय’पलीकडे शब्द फुटला नव्हता, त्या राहीबाई बाकावरून उठल्या. पदर सारखा केला. पहाटेच्या हजेरीला मुकादमाने नाव पुकारल्यावर त्यांचा नवरा जसं खणखणीत उत्तर द्यायचा, तशा, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, ‘हाय!’

साहेबांनी शिक्का मारला.